छोट्या होडीसाठी बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर कशी निवडावी

हिडकलच्या जलाशयात पहाटे जाळं टाकायला जाताना कोणतीही ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायची पंख्याची छोटी मोटर, चालते. खरा कस परतताना लागतो. होडीत मासळी असते, समोरून वारा येतो आणि बॅटरी निम्मी उतरलेली असते. मोटर घ्यायची ती या परतीच्या हिशोबानं.

आधी वजन मांडा. समजा १२ फुटी फायबरची होडी ९० किलो, दोन माणसं १३०, बॅटरी ३०, जाळी आणि मासळी ५०. एकूण ३०० किलो. दर ४५ किलोला निदान २ पौंड थ्रस्ट, म्हणजे पंख्याचा रेटा, हा रूढ हिशोब आहे. इथं तो साधारण सव्वातेरा पौंड. पण तो आकडा निवांत पाण्याचा. नवीलतीर्थ किंवा हिडकलसारख्या उघड्या पाण्यावर दुपारचा वारा धरून ३० ते ४० पौंडांची मोटर घ्या. एवढ्याला १२ व्होल्ट पुरतात. साधारण ५५ पौंडांच्या पुढं २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या आणि त्यांचं वजन.

थ्रस्ट म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे. ४० पौंडांची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण ४० अँपिअर ओढते, म्हणजे ४८० वॅट. एक हॉर्सपॉवरही नाही. होडी भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जाते. त्यामुळे पावसाळ्यात फुगलेल्या कृष्णेत किंवा दूधगंगेत ही मोटर घेऊन उतरू नका, प्रवाह तिला जुमानत नाही.

मग दांड्याची लांबी. होडी नेहमीच्या वजनासह पाण्यात ठेवा आणि मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यात २० इंच मिळवा. १० इंच भरलं तर ३० इंची दांडा. लहान दांड्याचा त्रास जाळं ओढताना कळतो. दोघं पुढं सरकले की मागची बाजू उचलते, पंखा हवा घुसळतो, आवाज चढतो आणि होडी जागची हलत नाही. थोडा लांब दांडा चालतो, कारण त्याला आवळून धरणारी कॉलर सैल करून तो वर घेता येतो. एप्रिल-मेमध्ये काठाला पाणी उथळ झालं की ते करावंच लागतं. समुद्रासाठीच्या महाग मोटरीवर पैसे घालू नका. आपल्याकडचं पाणी गोडं आहे.

वेग बदलण्याचे दोन प्रकार मिळतात. पाच टप्प्यांच्या स्वस्त मोटरीत कमी वेगावर जादा वीज उष्णतेत जाते. सलग वेग बदलणारी पीडब्ल्यूएम मोटर मंद चालीत बॅटरी बरीच वाचवते. गळ टाकून हळूहळू फिरणार असाल तर जास्तीचे पैसे देऊन हीच घ्या.

सगळ्यात जास्त चुका बॅटरीत होतात. गाडीची बॅटरी नको. ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट देण्यासाठी असते, खोलवर उतरवली की लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोल उतरणं सोसते, पण १५० अँपिअर-अवरची ५० किलोच्या पुढं जाते आणि होडी कलली की ॲसिड सांडतं. १०० अँपिअर-अवरची सीलबंद डीप सायकल, म्हणजे खोल उतरणं सोसणारी, बॅटरी बरी. तिचे निम्मेच अँपिअर-अवर आपले समजा. १५ अँपिअरच्या मंद चालीत सुमारे तीन तास, पूर्ण वेगात तासभर. लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग, पण वजन निम्म्याहून कमी आणि ८० टक्के वापरता येते. लेड बॅटरी अर्धा तास थांबवून मोजल्यावर १२.२ व्होल्ट दाखवत असेल, तर ती निम्मी संपली आहे. काठाकडे वळा. घरी आल्यावर त्याच दिवशी, हवा खेळती असलेल्या जागी चार्जिंगला लावा. उतरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं.

वायर १६ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची घ्या. ४० पौंडांच्या मोटरीला ५० अँपिअरचा डीसी ब्रेकर, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून सहा फुटांच्या आत. वायर बारीक असली तर व्होल्टेज पडतं. टर्मिनल सैल असलं तर ते तापून प्लास्टिक वितळतं. पहिल्या फेरीनंतर मोटर बंद करून टर्मिनलला बोट लावून पाहा. गरम लागलं तर नट पुन्हा आवळा.

शेवटची गोष्ट तंगूस, म्हणजे गळाचा-जाळ्याचा नायलॉन धागा. तुटलेला तंगूस पंख्यामागे गुंडाळला जातो, हळूहळू सील कापतो आणि मोटरीत पाणी शिरतं. दर तीन-चार फेऱ्यांनी बॅटरीची वायर काढा, पंख्याचा नट सोडवा, पंखा ओढून काढा आणि दांडीवरचा तंगूस कापून टाका. त्याच वेळी पंखा दांडीला अडकवणारी पिन वाकली आहे का बघा. बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावर पंखा आदळला की ही पिन आधी तुटते आणि मोटर वाचते. म्हणून दोन जादा पिना, एक नट आणि पाना होडीतच ठेवा, आणि मोटर असली तरी वल्हंही.