बैठकांची सुरुवात कशी करावी

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायच्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायचा आणि आठवड्याभरात व्यायाम सोडून द्यायचा, असं फार जणांचं होतं. व्यायामाने स्नायू आधी थकतात. ताकद वाढते ती नंतर, पोटभर जेवण आणि झोप मिळाली की. म्हणून विश्रांतीही व्यायामातच धरा. गुडघ्याचं, हृदयाचं दुखणं किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

१. पाय खांद्याइतके फाकवा, टाचा टेकलेल्या ठेवा आणि बैठका मारा. तोल जायला लागला किंवा गुडघे आत वळू लागले की थांबा. समजा वीस झाल्या, तर सरावाच्या हिशेबाला बाराच धरा. बाराचे दोन सेट, मध्ये दोन मिनिटं दम घ्या.

२. एक दिवसाआड करा. नव्या व्यायामाने अंग आंबतं ते साधारण २४ ते ७२ तासांत जास्त जाणवतं. अंग दुखलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असं मुळीच नाही.

३. दर आठवड्याला सेटमागे एक-दोन बैठका वाढवा. तेवढ्याच मारत राहिलात, तर शरीर त्या भाराला सरावतं आणि वाढ थांबते.

४. पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढल्यासारखी वाटते. तेव्हा स्नायू फारसे जाड झालेले नसतात. आहेत तेच स्नायू जास्त जोमाने कामाला लावायला मज्जासंस्था शिकलेली असते. हाडाला स्नायू बांधून ठेवणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. महिन्याभराने ‘आता कितीही जमेल’ असं वाटतं, तेव्हाच गुडघ्यापाशी दुखणं सुरू होण्याची भीती असते. माझ्या मते सगळ्यात जास्त संयम इथेच लागतो.

५. सेटमध्ये पंचवीस सहज व्हायला लागल्या की संख्या वाढवू नका. नुसत्या संख्येने दमसास वाढतो, ताकदीला भार लागतो. पाठीवरच्या पिशवीत चार-पाच किलो पुस्तकं घाला आणि पुन्हा दहा-बारावर या.

६. आजारपणाने दोन-तीन आठवडे खंड पडला, तर ताकद फारशी जात नाही, दम आधी कमी होतो. परतताना निम्म्या संख्येपासून सुरू करा.