गाडी गॅरेजमधून आली आणि नवंच दुखणं लागलं?

गाडी सस्पेन्शनच्या कामाला टाकली, घरी आणताना नाशिकच्या मुंबई नाक्यापर्यंत पोचत नाही तोच डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटला. माझ्याच गाडीची गोष्ट. गॅरेजवाला म्हणाला, "हे आधीपासूनच असणार." पण जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना गॅरेजने भरलेल्या कागदावर, तसं काही लिहिलेलं नव्हतं, आणि त्याच कागदाने मला वाचवलं.

अशा वेळी भांडण नको. दिवा, आवाज, किलोमीटरचा आकडा यांचा व्हिडिओ लगेच काढा आणि त्याच दिवशी गॅरेजला व्हॉट्सअ‍ॅप करा. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा संशय असेल तर गाडी पुढे दामटू नका. दुसऱ्या मेकॅनिककडून गाडीच्या कॉम्प्युटरचं फक्त स्कॅन करून घ्या, त्यात दिसलेल्या बिघाडाच्या कोडची प्रिंट ठेवा. त्याला काही खोलू मात्र देऊ नका, नाहीतर पहिला गॅरेजवाला हात वर करतो.

नेमकं काम कुठे झालं होतं, तिथेच आधी बघायला सांगा. माझ्या गाडीत पुढच्या डाव्या चाकाच्या एबीएस सेन्सरचा कनेक्टर (वायर जोडायचा प्लग) अर्धवट बसला होता. 'टक' आवाज येईपर्यंत दाबला, दिवा गेला. पण प्रत्येक बिघाड गॅरेजमुळेच होतो असं नाही, जुना रबरी पाइप हात लागताच तडकू शकतो. म्हणून काढलेला पार्ट मागून घ्या.

ऐकतच नसतील तर लेखी तक्रार द्या, मग ग्राहक हेल्पलाइन 1915. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं.