राग सोडायचाय पण सुटत नाही, तेव्हा काय करायचं

भाऊ, प्रभू येशूवर विश्वास ठेवला तरी जुना स्वभाव एका रात्रीत जात नाही, हे आधी मान्य करा. येशूचा प्रेषित पौल पण बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात म्हणतो की चांगलं करावंसं वाटतं पण हातून वाईटच होतं.

माझा प्रॉब्लेम राग. मे महिन्यात जळगावकडे ४४ डिग्री, केळीला पाणी द्यायच्या टायमालाच लाईट जायची, मग मी घरच्यांवर ओरडायचो आणि रविवारी चर्चमध्ये मान खाली. आता रोज रात्री प्रार्थनेत फक्त त्या दिवसाचं बोलतो, कोणावर ओरडलो, का ओरडलो, नाव घेऊन, गोल गोल नाही. आणि ज्याला दुखावलं त्याची सकाळी चहाच्या आधी माफी मागायची, हे लई जड जातं, बायकोसमोर तर जास्तच, पण खरा फरक यानेच पडला.

एक भरवशाचा माणूस पण धरा, याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सरळ लिहिलंय. पास्टर असो की मित्र, बाहेर न बोलणारा हवा.

परत घसरलात तर लाजून प्रार्थना बंद करू नका, तिथेच माणूस हरतो. त्या रात्री मी रोमकरांस ८:१ मोठ्याने वाचतो, ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा (म्हणजे शिक्षेचा निकाल) नाही, आणि मगच झोपतो.