ब्रिटिश कोलंबियातील नवा मतदारसंघ आणि त्याचा आमदार कसा शोधावा

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेतील जागा ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीपासून ८७ वरून ९३ झाल्या आणि जुन्या मतदारसंघांच्याही सीमा ठिकठिकाणी बदलल्या. त्यामुळे आपण कोणत्या मतदारसंघात येतो, हे जुन्या आठवणीवर न सोडता इलेक्शन्स बीसी या प्रांताच्या निवडणुका घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर राहत्या घराचा पिनकोड घालून पाहावे. देशाच्या राजधानीतील, म्हणजे ओटावातील संसदेचे मतदारसंघ निराळे असतात. नावे सारखी वाटली तरी दोहोंची गल्लत करू नये.

यानंतर मतदारसंघ कोणत्या भागांतून घडला ते पाहावे, कारण नुसत्या नावावरून फारसे कळत नाही. व्हँकूव्हर बेटावरील लँगफोर्ड-वान डी फ्यूका हा मतदारसंघ याचे चांगले उदाहरण आहे. माजी प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) जॉन होर्गन यांनी राजीनामा दिल्यावर जून २०२३ मध्ये तेथे पोटनिवडणूक झाली आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे रवी परमार निवडून आले. तोवर मतदारसंघांच्या सीमा सुचवणाऱ्या सीमा आयोगाचा अंतिम अहवाल येऊन गेला होता, तरीही पोटनिवडणूक जुन्याच सीमांवर झाली, कारण नव्या सीमा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू होतात. जाहीर झालेला नकाशा आणि लागू असलेला नकाशा यांत असे अंतर पडते, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. २०२४ साली लँगफोर्डचा मोठा भाग लँगफोर्ड-हायलँड्समध्ये गेला व परमार तेथून निवडून आले. त्याच जुन्या मतदारसंघातील सूक गावाचा भाग शॉनिगन लेकसह वान डी फ्यूका-मलाहाट या मतदारसंघात गेला आणि त्याच पक्षाचे डॅना लॅजनेस तेथील आमदार झाले. म्हणजे लँगफोर्डकरांचा आमदार तोच राहिला, सूककरांचा बदलला.

नव्या मतदारसंघात कोणाचे पारडे जड आहे याचा अंदाज बांधायचा असेल, तर मागील निवडणुकीची मतदान केंद्रनिहाय आकडेवारी नव्या सीमेत बसवून पाहावी लागते. टपालाने व आगाऊ दिलेली मते वस्तीनिहाय वेगळी काढणे अवघड असल्याने हा हिशेब ढोबळच राहतो, आणि त्यावरून एखादी जागा एखाद्या पक्षाची ठरवून टाकणे मला घाईचे वाटते. केलोना सेंटर या नव्या मतदारसंघाचा २०२४ चा निकाल पन्नासहून कमी मतांनी लागला आणि तो न्यायालयीन फेरमोजणीनंतरच पक्का झाला.

सीमा आयोग दर दोन सार्वत्रिक निवडणुकांनंतर नेमला जातो. मतदारसंघाची लोकसंख्या प्रांताच्या सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी-जास्त नसावी, अशी मर्यादा त्याच्यावर असते. अतिविशेष परिस्थितीत, विशेषतः विरळ वस्तीच्या उत्तर भागात, ती ओलांडता येते. आयोग प्राथमिक अहवालानंतर जनसुनावणी घेतो. सीमेबद्दल तक्रार असेल तर ती तेथेच मांडावी. कायदा झाल्यावर आमदाराकडे गाऱ्हाणे नेऊन उपयोग नाही.

मतदानासाठी कॅनडाचे नागरिकत्व, अठरा वर्षे पूर्ण आणि प्रांतात सहा महिन्यांचे वास्तव्य आवश्यक आहे. कायमस्वरूपी रहिवाशाला मत देता येत नाही. पण आमदार त्याचाही प्रतिनिधी असतो, त्यामुळे आरोग्य विमा, शाळा किंवा प्रांताच्या महामार्गांविषयीच्या अडचणी त्याने आमदाराच्या कार्यालयात जरूर न्याव्यात. इमिग्रेशनचा अर्ज अडला असेल, तर मात्र खासदाराकडे जावे. आमदार बदलला असल्यास जुन्या कार्यालयात दिलेली कागदपत्रे आपोआप पुढे जातील असे गृहीत न धरता, त्यांच्या प्रती घेऊन नव्या कार्यालयात नव्याने अर्ज द्यावा.