इंटर्न घेताय? कोकणातल्या उद्योजकांनो, या चुका टाळा

एप्रिल लागला की कोकणातल्या कॅनिंगवाल्यांना हटकून कॉलेज आठवतं. आंब्याची आवक सुरू असते, माणसं पुरत नाहीत, मग प्राचार्यांना फोन जातो, "सर, पाच-सहा पोरं इंटर्नशिपला पाठवा की!" नेमक्या त्याच दिवसांत मुलांच्या परीक्षा असतात. आणि खरं सांगायचं तर मालकाला इंटर्न नको असतो, सीझनपुरते हात हवे असतात. तसं असेल तर सरळ मजुरी द्या आणि माणसं लावा.

कॉलेजशी बोलणी दिवाळीच्या सुमारास करा. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. साधारण 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. ते तास कधी बसतात, मूल्यमापनाचा फॉर्म कसा आहे, हे आधीच विचारून घ्या. बोटवाल्यांचं उलटं असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून ते "आता काय शिकवणार?" म्हणतात. अहो, इंजिन उघडतं तेव्हाच आणि जाळी दुरुस्तीला निघतात तेव्हाच!

सगळ्यात जास्त घोटाळा कामात होतो. मुलगी फूड टेक्नॉलॉजीची, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यांना लेबलं लावतेय. आठवड्यात तिचं पोट दुखायला लागतं, घरी लग्न निघतं. तिला एक काम नेमून द्या. समजा पल्पच्या प्रत्येक बॅचचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणावर बघायचा, वहीत मांडायचा आणि आंबा कुठल्या बागेतला होता तेही शेजारी लिहायचं. पंधरा दिवसांनी कुणाचा माल गोडीला कमी पडतो ते वहीच सांगेल. तिचा प्रोजेक्ट झाला, तुम्हाला पुढच्या वर्षीच्या खरेदीचा हिशेब मिळाला.

"मी स्वतः लक्ष घालतो" म्हणणारे मालक वाशी मार्केटला असतात. त्यापेक्षा सुपरवायझरवर जबाबदारी टाका आणि त्याचं थोडं काम हलकं करा, नाहीतर तो इंटर्नला लोढणं समजणार.

मुलं मध्येच यायची बंद झाली तर आधी एसटीचं वेळापत्रक बघा. वस्तीची गाडी सहाला सुटत असेल आणि तुमची सुट्टी साडेसहाला असेल, तर वाडीवरची मुलगी कशी टिकेल? पाऊण तास अलीकडे सोडा. मग विद्यावेतन. "शिकायला मिळतंय ना" एवढ्यावर भागवू नका. निदान गाडीभाडं आणि जेवण तरी सुटलं पाहिजे, आणि ठरलेल्या तारखेला मिळालं पाहिजे.

इंटर्न आणि अप्रेंटिस यांची गल्लतही नको. अप्रेंटिसला 1961 चा कायदा लागू होतो, करार नोंदवावा लागतो, आणि 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, आणि तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. लोट्यासारख्या केमिकलच्या पट्ट्यात तर सुरक्षेची माहिती दिल्याशिवाय कुणाला प्लांटमध्ये पाऊलही टाकू देऊ नका.

शेवटी प्रमाणपत्र. "वर्तणूक चांगली" एवढ्यावर सही ठोकू नका. कुठलं यंत्र हाताळलं, कुठल्या नोंदी ठेवल्या ते लिहा, आणि कॉलेजचा फॉर्म गणपतीच्या सुट्टीआधी भरून द्या.