एनएफएल प्लेऑफचा गजर लावताय? या चुका टाळा

जानेवारीत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, प्लेऑफ (बाद फेऱ्या) सुरू झाले की मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘मॅच किती वाजता?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. भारतात बसून एनएफएल बघायचं तर ‘कुठल्या दिवशी आणि किती वाजता’ असं विचारावं लागतं. जानेवारीत न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिकडे रविवारी दुपारी 1 ला सुरू होणारी मॅच आपल्याकडे रविवारीच रात्री साडेअकराला लागते. पण साडेचारची मॅच आपल्या सोमवारी पहाटे 3 ला येते आणि रात्री 8 ची सोमवारी सकाळी साडेसहाला. तास बहुतेक जण बरोबर मोजतात, वार मात्र चुकवतात.

2024 च्या जानेवारीत पुण्यातल्या माझ्या एका मावसभावाच्या घरी हेच झालं. बफेलो बिल्स विरुद्ध पिट्सबर्ग स्टीलर्स ही वाइल्ड कार्ड, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीतली मॅच रविवारी, 14 तारखेला, तिकडच्या दुपारी 1 ला ठरलेली होती. भावाने मित्रांना बोलावलं, प्रोजेक्टर लावला, भेळेची तयारी केली. वेळापत्रक घेतलं होतं ग्रुपवर आठवडाभर आधी आलेल्या एका फोटोवरून. मधल्या काळात बफेलोवर हिमवादळ चालून आलं, आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी शनिवारीच जाहीर केलं की मॅच आता सोमवारी साडेचारला होईल. बातमी बघायला या मंडळींच्या हातात अख्खा रविवार होता. कोणी बघितलीच नाही.

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले तरी पडद्यावर काही येईना, तेव्हा एकाने फोनवर शोधलं. ‘अरे, साडेचारला झालीय, म्हणजे आपले पहाटे तीन!’ तासांचा हिशोब अगदी बरोबर. सगळे डोळे ताणून जागे राहिले. तीनला मॅच लागलीसुद्धा, पण ती डॅलस काउबॉइज आणि ग्रीन बे पॅकर्सची, कारण रविवारची साडेचारची मॅच ती होती. बिल्सची मॅच होती आपल्या मंगळवारी पहाटे 3 ला. सोमवारी संक्रांत, घरात दिवसभर तिळगूळ आणि पाहुणे. मंगळवारी पहाटे एकालाही जाग आली नाही. बिल्स 31-17 असे जिंकले, त्यांचा जॉश अ‍ॅलन 52 यार्ड धावत जाऊन टचडाउन करून आला, स्टेडियममधले प्रेक्षक ढिगाढिगाने बर्फ हवेत उडवत होते, आणि हे सगळं या लोकांनी नंतर फोनवर तुकड्यातुकड्यांत पाहिलं. मला ते ऐकून खरंच वाईट वाटलं.

म्हणून मी वहीत अमेरिकेची वेळ लिहीतच नाही. फक्त भारतीय वेळ, आणि वार लिहिताना दोन वारांच्या मधली रात्र: ‘सोम-मंगळच्या मधली, पहाटे 3’. असं लिहिलं की घोळाला जागा उरत नाही. झोपण्याआधी एनएफएलच्या अ‍ॅपवर एकदा नजर टाकायची. अर्धा मिनिट लागतो. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबून रात्र काढणं मला अजिबात पटत नाही, मग तो कितीही सुबक रंगवलेला असो.

सप्टेंबरात पाठ केलेला साडेनऊ तासांचा फरक जानेवारीत वापरू नका. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात.

स्टेडियम जिथे असेल तिथली वेळ आणि ईस्टर्न, म्हणजे न्यूयॉर्कची, वेळ यांची गल्लतही नेहमीची. फेब्रुवारी 2025 चा सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम मॅच, न्यू ऑर्लिन्सला होता. तिथे साडेपाच, न्यूयॉर्कला साडेसहा, आपल्याकडे सोमवारी पहाटे 5. वेळ कुठली आहे हे लिहिलेलं नसेल, तर ती वेळ घ्यायचीच नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. नवे लोक पहिल्याच आठवड्यात वर्ल्ड कपसारखा तक्ता आखतात: या मॅचचा विजेता त्या मॅचच्या विजेत्याशी, आणि मग पुढच्या फेरीचे गजरही लावून मोकळे. एनएफएलमध्ये तसं नसतं. लीगच्या दोन गटांतून, म्हणजे प्रत्येक कॉन्फरन्समधून, सात संघ येतात, पहिल्या मानांकनाला पहिल्या फेरीत सुट्टी मिळते, आणि नंतर उरलेल्यांतल्या सगळ्यात खालच्या मानांकनाचा संघ त्याच्याशी खेळतो. म्हणजे जोड्या दर फेरीला नव्याने लागतात.

2025 च्या जानेवारीत डेट्रॉइट लायन्स पहिले होते. ठरीव तक्ता काढणाऱ्यांनी त्यांच्यासमोर चौथ्या मानांकनाचे लॉस एंजेलिस रॅम्स आणि पाचव्या मानांकनाचे व्हायकिंग्ज यांच्यातला विजेता लिहून ठेवला. प्रत्यक्षात सहाव्या मानांकनाच्या वॉशिंग्टन कमांडर्सनी टँपा बेमध्ये शेवटच्या किकवर 23-20 असा विजय मिळवला. बॉल गोलच्या खांबाला आपटला आणि आत गेला! सातव्या मानांकनाचा संघ आधीच बाद झाला होता, त्यामुळे तेवढ्यावर लायन्सचा प्रतिस्पर्धी ठरला. रॅम्स-व्हायकिंग्ज मॅच तर अजून व्हायचीच होती. ती सोमवारची होती, आणि लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेलला हलवली होती. म्हणून पुढच्या फेरीची वेळ आधीपासून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. वाइल्ड कार्ड फेरीचं वेळापत्रकसुद्धा साखळीचा अठरावा आठवडा संपल्यावरच पक्कं होतं. घाई असलेल्यांना हे आवडत नाही, पण थांबावं लागतं.

याच मोसमातला आणखी एक गैरसमज: जास्त मॅच जिंकलेला संघ घरच्या मैदानावर खेळणार. व्हायकिंग्ज 14 जिंकले होते, रॅम्स 10, तरी यजमान रॅम्स. डिव्हिजनचे, म्हणजे कॉन्फरन्समधल्या चार छोट्या गटांचे, विजेते पहिली चार मानांकनं घेतात, मग बाकीचे.

‘2024 चा सुपर बोल’ असं शोधलंत तर भलतीच मॅच सापडू शकते. 2024 च्या मोसमाचा सुपर बोल 2025 च्या फेब्रुवारीत झाला. कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीनंतर साधारणपणे एक रविवार रिकामा जातो, त्या रविवार-सोमवारच्या मधल्या पहाटे उठू नका.

मॅच साठ मिनिटांची असते म्हणून तासाभरात ऑफिसला निघायचा बेत करणारेही मी पाहिलेत. तीन तास धरा, वर थोडे जास्तच. प्लेऑफमध्ये बरोबरी चालत नाही, निकाल लागेपर्यंत खेळ चालतो. 23 जानेवारी 2022 ला कॅन्सस सिटीत चीफ्स विरुद्ध बिल्स मॅच होती, आपल्याकडे सोमवारी पहाटे 5 ला सुरू झाली. शेवटच्या दोन मिनिटांत दोघांनी मिळून 25 गुण केले. अवघे 13 सेकंद उरले असताना बिल्स पुढे होते. तेवढ्यात चीफ्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत 42-36 अशी मॅच मारली. आठची बस पकडायला जे उठून गेले, त्यांच्या हिशोबी ती मॅच अजून चालू होती. तेव्हापासून प्लेऑफच्या जादा वेळेत दोन्ही संघांना बॉल मिळतो, त्यामुळे वेळ आणखी लांबू शकते. सुपर बोलचं मध्यांतरही नेहमीच्या दुपटीहून मोठं असतं, तेव्हा त्या सोमवारची अर्धी रजा आधीच टाकून ठेवा.