मुलाला पियानो शिकवायचाय? आधी खुर्ची बघा

सहा-सात वर्षं हे सुरुवातीला बरं वय. खरी कसोटी मात्र वेगळी आहे: मूल पंधरा मिनिटं एका जागी बसतं का, आणि टेबलावर हात ठेवून प्रत्येक बोट सुटं उचलू शकतं का? जमत नसेल तर सहा महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

वाद्य घेताना ८८ पट्ट्यांचा, वेटेड की असलेला डिजिटल पियानो घ्यावा. यात पट्टी दाबायला खऱ्या पियानोसारखा जोर लागतो, आणि हलकं दाबलं तर आवाज हलका येतो. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पहिले काही महिने निभतात, पण तो टच-सेन्सिटिव्ह, म्हणजे दाबाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा करणारा, हवाच. शेकडो ताल आणि वाद्यांचे आवाज असलेलं मॉडेल टाळा. मूल तासभर बटणंच दाबत बसतं. घरात पेटी असेल तर स्वरांची ओळख होईल (पांढरी एक म्हणजेच पाश्चात्त्य संगीतातला सी हा स्वर), पण पियानोची जागा ती घेत नाही. पेटीत जोर भात्यातून येतो, बोटांतून नाही, आणि एक हात भात्यावरच अडकतो.

आता बैठक, जिच्याकडे बहुतेक घरांत कुणी बघतच नाही. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ सेंटीमीटरवर असतात. जेवणाच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाचे कोपर त्याहून बरेच खाली राहतात. मग खांदे वर चढतात, मनगट लोंबतं आणि पाच मिनिटांत हात दुखतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईपर्यंत खुर्चीवर घट्ट घडीची सतरंजी ठेवा. मऊ उशी नको, ती दबते. मूल वर सरकलं की पाय लोंबकळतात आणि तोल हातांवर येतो, म्हणून पायांखाली पाट किंवा बांधलेले रद्दीचे गठ्ठे द्या. बसायचं खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर. डुगडुगणारा एक्स आकाराचा स्टँड असेल तर तो आधी बदला.

पहिल्या आठवड्यात नोटेशनची (लिहिलेल्या स्वरांची) वही उघडूच नका. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी सी. पियानोभरचे सगळे सी शोधायला लावा. ८८ पट्ट्यांवर डावीकडून चौथा सी म्हणजे मिडल सी, पट्ट्यांच्या साधारण मधोमध असलेला सी. बोटांना अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५ हे आकडे, दोन्ही हातांना तेच. नखं कापलेली हवीत, नाहीतर बोटं सपाट पडतात. टोकाचं पेर आत मोडत असेल तर आवाज हळू ठेवून एकेका बोटाने वाजवायला सांगा. जोर लावला की ते आणखी मोडतं.

सराव रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच-सहा दिवस. रविवारी एकदम तासभर बसवून ती भरपाई होत नाही. नवा पीस (वाजवायची रचना) आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही हात मिळून फक्त दोन मात्रागट (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक), अगदी सावकाश. चूक झाली की मुलं पहिल्यापासून सुरू करतात; त्यामुळे सुरुवात घोटून पक्की होते आणि अडलेली जागा तशीच राहते. थेट त्या जागेवरून सुरू करायला लावा. नोटेशनवर सी, डी, ई अशी अक्षरं लिहून देऊ नका. मूल अक्षरं वाचतं, स्वर नाही, आणि वर्षभराने अक्षरं काढली की सगळं अडतं. मोबाइलवर रंगीत पट्ट्या खाली पडणारी ॲप्स याच कारणाने नकोत.

क्लास आठवड्यातून एकदा, अर्धा तास, एकट्याचा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांची संगीत परीक्षा पहिल्या वर्षी टाळा, कारण मग वर्षभर मोजके पीसच घोटले जातात. इनिशियल ग्रेड, म्हणजे पहिल्या ग्रेडच्या आधीची परीक्षा, दुसऱ्या वर्षीही देता येते.

लाकडी (डिजिटल नसलेला, तारांचा) पियानो घरात असेल तर वर्षातून दोनदा ट्यूनिंग करून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवून तो ठेवू नका.